ठेका कुणी धरायचा? सिंथवाला डिपेश मोड रॉककडे कसा वळला

रियाजाला इलेक्ट्रॉनिक तबला लावून गाणाऱ्या कुणालाही विचारा. यंत्र लय सोडत नाही हा त्याचा गुण, आणि यंत्र थांबत नाही हा त्याचा जाच. तान लांबली, श्वास अर्ध्यावर संपला, तरी सम ठरल्या जागी येऊन पडणारच. समोर तबलजी असेल तर तो तुमच्याकडे बघतो, केसभर सावरून घेतो आणि दोघं मिळून समेवर उतरता. आवाज दोन्हीकडे तबल्याचाच. फरक पडतो तो ठेका कोण धरतंय याने.

इलेक्ट्रॉनिक बँड रॉककडे सरकतो तेव्हा आतमध्ये हेच बदलत असतं. बाहेरून दिसतं ते एवढंच, की सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे कीबोर्ड, मागे गेले आणि कुणाच्या तरी गळ्यात गिटार आली. पण गिटार आणणं हे त्यातलं सर्वांत सोपं काम, दुकानात जाऊन होतं. अवघड असतं ते ठेक्याची सूत्रं यंत्राकडून माणसाकडे देणं. ती हलली की गाण्याची मांडणी, आवाजांच्या जागा, स्टेजवरची वायरिंग, अगदी सुराचं जुळणंही हलतं. हे सगळं एकाच बँडमध्ये ओळीने बघायचं असेल तर १९८९ ते १९९३ या काळातला ब्रिटनचा डिपेश मोड घ्यावा.

आधी 'इंडी'चा गुंता

रॉककडे वळण्याची गोष्ट निघाली की 'इंडी' हा शब्द येतोच. 'इंडी रॉक' म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतात किंचित विस्कटलेल्या गिटारी, घरगुती वाटणारं रेकॉर्डिंग आणि लाजरा गळा. मुळात हा शब्द आवाजाचा नव्हताच, तो कागदपत्रांचा होता. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या वितरणाबाहेर विकली जाणारी तबकडी म्हणजे इंडी. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून अशा तबकड्यांची वेगळी विक्रीयादी निघू लागली. डॅनियल मिलरने १९७८ मध्ये सुरू केलेली म्यूट ही त्यातलीच एक कंपनी, आणि डिपेश मोड तिच्याकडे होता, तोही अनेक वर्षं केवळ तोंडी करारावर. म्हणजे टुणटुण सिंथ वाजवणारी ही पोरं कागदोपत्री अस्सल इंडी, आणि गिटारी घेतलेले कितीतरी बँड बड्या कंपन्यांच्या पगारावर. पुढे २००२ मध्ये खुद्द म्यूटच ईएमआय या बड्या कंपनीला विकली गेली. त्यामुळे या शब्दावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. इथे बघायचंय ते कानाला काय ऐकू येतं ते.

सोळा घरांचं गाणं

बँड सुरू झाला १९८० मध्ये, एसेक्समधल्या बॅझिल्डन गावात. विन्स क्लार्क, मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि गायक डेव्ह गहान. पहिल्या अल्बमनंतर १९८१ च्या अखेरीस क्लार्क बाहेर पडला आणि १९८२ मध्ये ॲलन वाइल्डर आला. वाइल्डर पियानोचं रीतसर शिक्षण घेतलेला होता आणि त्याला ड्रम्सही वाजवता येत. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, दहा वर्षांनी ती कामाला येणार आहे.

सुरुवातीची त्यांची गाणी सिक्वेन्सरवर बांधलेली. सिक्वेन्सर म्हणजे घरं आखलेली पट्टी. चार मात्रांचा एक बार, प्रत्येक मात्रेची चार घरं, एकूण सोळा. कुठल्या घरात कुठला स्वर वाजायचा हे भरून ठेवायचं, यंत्र ते फिरवत राहतं. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि एक घर १२५ मिलिसेकंदांचं. यंत्र प्रत्येक स्वर बरोबर रेघेवर ठेवतं.

माणूस तसा ठेवत नाही. चांगला ड्रमर स्नेअर (खटकन वाजणारा चपटा ड्रम) रेघेच्या १०-२० मिलिसेकंद मागे टाकतो, हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) जरा पुढे काढतो, कोरसला नकळत लय मिनिटाला एक-दोन मात्रांनी चढवतो. याला चूक म्हणायचं कारण नाही. रॉकमध्ये जो 'रेटा' जाणवतो तो बराचसा याच फटींतून येतो. रेघेवर वाजलेल्या ड्रम्सवर कितीही खरखरीत गिटार चढवा, गाणं सिंथ-पॉपच राहतं, फक्त अंगावर कातडी जॅकेट येतं.

यंत्राच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी: यंत्रही चुकतं, पण माणसाच्या चुकीने. मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडने मार्च १९८३ मध्ये 'ब्लू मंडे' हे गाणं काढलं तेव्हा त्यांच्या गिलियन गिल्बर्टने सिक्वेन्सरमध्ये भरायचे स्वर आधी कागदावर लिहून काढले होते. त्यातला एक स्वर भरताना निसटला. परिणामी धून ठेक्याच्या तुलनेत सरकली आणि बारच्या सुरुवातीला न पडता आडवी पडू लागली. त्यांनी ती तशीच ठेवली. ते गाणं कानाला जे ओढून घेतं, त्यात या निसटलेल्या घराचा वाटा मोठा आहे.

भंगारातून सूर

१९८३ मध्ये डिपेश मोडच्या हाती सॅम्पलर आला, म्हणजे कुठलाही आवाज टिपून तो कीबोर्डच्या पट्ट्यांवर वाजवणारं यंत्र. मंडळी पूर्व लंडनमधल्या स्टुडिओभोवतीच्या भंगारावर आणि बांधकामाच्या जागांवर पत्रे, नळ्या, साखळ्या बडवत हिंडली आणि ते आवाज गाण्यांत आले. पुढच्या काळातला इम्युलेटर टू हा सॅम्पलर घ्या: स्मृती ५१२ किलोबाइट, त्यात मावणार सगळे मिळून साधारण १७ सेकंद. एवढ्यात अख्ख्या गाण्याचे आवाज बसवायचे म्हणजे एकेक ठोका वेगळा कापून ठेवणं भाग होतं. कुणी वाजवलेला सलग तुकडा ठेवायला जागाच नव्हती. म्हणजे माणसाची लय गाण्यात न येण्यामागे आवडीनिवडीइतकंच मेगाबाइटचंही कारण होतं. स्मृती स्वस्त झाली आणि वाजवलेला तुकडा जसाच्या तसा ठेवता येऊ लागला, तेव्हा रॉककडचं दार अर्धं उघडलं. हा मुद्दा संगीतावर लिहिणारे सहसा सोडून देतात.

गिटार आली, घड्याळ तेच

ऑगस्ट १९८९ मध्ये 'पर्सनल जीझस' आलं. निर्माता फ्लड. गिटारची ठसठशीत, ब्लूजच्या अंगाची एक ओळ आणि खाली धप धप चालणारा ठेका. या ठेक्यात मिलानच्या स्टुडिओत फ्लाइट केसवर उड्या मारून टिपलेला आवाज मिसळलेला आहे. फ्लाइट केस म्हणजे वाद्यं वाहून नेण्याच्या, कडांना पत्रा ठोकलेल्या पेट्या. दोन-तीन माणसांनी एकदम उडी मारली तरी पाय तंतोतंत एकत्र पडत नाहीत, आणि त्या फरकामुळे ठोका रुंद वाटतो. ड्रम मशीनचा ठोका एका रेघेवर संपतो, हा दहा-वीस मिलिसेकंद पसरतो.

या गाण्यात दुसरी गंमत चालीची आहे. लय मिनिटाला साधारण १३० मात्रा, म्हणजे एक मात्रा ४६२ मिलिसेकंदांची. मात्रेचे सरळ दोन भाग केले तर मधला ठोका २३१ वर पडतो. इथे मात्रा तीन भागांत तोडली आहे आणि मधला ठोका दोन भाग सरल्यावर, ३०८ च्या आसपास पडतो. आपल्याकडे याला तिस्र अंग म्हणतील, ते लोक शफल म्हणतात. गाडी लंगडत डोलत चालल्यासारखी वाटते ती यामुळे. सोळा घरांच्या पट्टीवर हे बसतच नाही, त्यासाठी बाराची पट्टी आखावी लागते. घरी करून बघणारे नेमके इथे अडकतात: सोळाच्या पट्टीवर गिटारची ओळ बसवायला जातात आणि ओळ कवायत केल्यासारखी वाजते.

मग मार्च १९९० मधला 'व्हायोलेटर' अल्बम आणि त्यातलं 'एंजॉय द सायलेन्स'. गोरने आणलेला कच्चा नमुना हार्मोनियमच्या साथीवरचा, संथ आणि रडवेला होता. त्यांची हार्मोनियम म्हणजे आपल्या पेटीची पायाने भाता मारायची थोरली बहीण. वाइल्डरला त्यात नाचता येणारं गाणं दिसलं. त्याने आणि फ्लडने ते मिनिटाला ११३ च्या आसपासच्या लयीवर नेलं. गोरला आधी हे पटलं नव्हतं, पण त्या पायावर त्याने वाजवलेली गिटारची छोटी ओळ हीच आज गाण्याची ओळख आहे.

आता प्रश्न असा, की गिटार इतकी पुढे असूनही ही गाणी रॉक का वाटत नाहीत? कारण घड्याळ अजून यंत्राकडेच आहे. गिटार त्या घड्याळावर बसवलेली नक्षी आहे. आणि खरं सांगायचं तर याच टप्प्यावरचा डिपेश मोड सर्वांत चांगला आहे. पण कलाकारांना आपल्या उत्तम जागी थांबवत नाही.

माद्रिदचं घर

१९९१ नंतरचं वारं वेगळं होतं. सिअ‍ॅटलच्या गिटारवाल्या बँडांनी अमेरिका व्यापली होती, गहान लॉस एंजेलिसला राहायला गेला होता आणि तिथून दाढी, लांब केस आणि रॉकचं वेड घेऊन आला. इतरांना हे कितपत झेपेल, ही शंका होतीच. मधल्या काळात फ्लड आयर्लंडच्या यूटू या रॉक बँडच्या 'अख्तुंग बेबी' अल्बमवर काम करून आला होता. एक गिटारचा बँड यंत्रांकडे निघाला होता, एक यंत्रांचा बँड गिटारकडे, आणि दोघांच्या मध्ये हाच माणूस.

१९९२ मध्ये माद्रिदजवळ एक मोठं घर भाड्याने घेऊन त्यातच स्टुडिओ थाटला. सगळ्यांनी एकत्र राहायचं, एकत्र वाजवायचं, त्यातून गाणी उगवतील, अशी कल्पना. यूटूला हे जमतं कारण ते चौघं शाळेपासून एका खोलीत वाजवत आलेले. डिपेश मोडची सवय वेगळी होती: गोर घरी गाणं लिहिणार, वाइल्डर आणि निर्माता स्टुडिओत ते बांधणार, फ्लेचर कारभार बघणार, गहान शेवटी येऊन गाणार. त्यांना एका खोलीत बसवून 'वाजवा' म्हटल्यावर अवघडलेपण आलं. वातावरण बिघडलं, हाती फार थोडं लागलं. पुढचं काम हॅम्बुर्गच्या रीतसर स्टुडिओत झालं आणि तिथे गाडी रुळावर आली. पद्धत उसनी आणली की असं होतं. ठेक्याची सूत्रं माणसाकडे द्यायची तर ती घ्यायला सरावलेले हात आधी हवेत.

यातून त्यांनी काढलेली वाट मात्र अस्सल त्यांची होती. वाइल्डर ड्रम्सवर बसला. त्याने वाजवलेलं टिपलं, त्यातले उत्तम तुकडे निवडले, सॅम्पलरमध्ये घातले आणि सिक्वेन्सरने फिरवले. म्हणजे हात माणसाचा, फटी माणसाच्या, आणि आवर्तन मोजणारं यंत्र. मार्च १९९३ मध्ये आलेला 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन' हा अल्बम बऱ्याच अंशी असा बांधलेला आहे. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे तो पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात गॉस्पेल (अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गाणं) पद्धतीच्या गायिका आहेत, आयरिश पाइप्स आहेत, व्हायोलिनांचा ताफा आहे, पण हे सगळं वरचं. पाया तो लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा वाजवलेला तुकडा.

लूप कसा कापायचा, आणि तो कुठे दगा देतो

हे काम आज लॅपटॉपवर दहा मिनिटांत होतं, चुका मात्र त्याच होतात. म्हणून जरा सावकाश.

लय मिनिटाला १०० घेऊ. एक मात्रा ६०० मिलिसेकंद, चार मात्रांचा बार २.४ सेकंदांचा, दोन बार ४.८ सेकंद. ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टकटक, द्या आणि त्याला चार मिनिटं न थांबता वाजवू द्या. पहिल्या मिनिटातलं काही घेऊ नका, हात अजून सैल झालेला नसतो. साधारण तिसऱ्या मिनिटाला तो क्लिक विसरून वाजवू लागतो. तिथले दोन बार निवडा.

कापताना कात्री पहिल्या किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्याच्या) अगदी आधी लावा आणि लाट जिथे शून्य रेघ ओलांडते तिथेच लावा. मध्येच कापलं तर दर फेरीला 'टिक' ऐकू येतं. शेवटाकडे सिंबलची (मोठ्या झांजेची) शेपटी अजून वाजत असते, ती तुटली की लूप उचकी लागल्यासारखा वाटतो. त्यावर उपाय दोन. शेवट आणि सुरुवात ५ ते १० मिलिसेकंद एकमेकांत मिसळा, किंवा मुळातच ज्या दोन बारांच्या आधी तसाच सिंबल वाजला असेल ते दोन बार घ्या, म्हणजे आधीच्या सिंबलची शेपटी तुकड्याच्या सुरुवातीला आपसूक असते. दुसरा उपाय कधीही सरस.

त्या काळी यात स्मृतीचा हिशेब असे. सीडीच्या दर्जाचे ४.८ सेकंद, दोन्ही बाजू धरून, साधारण ८५० किलोबाइट होतात. तेव्हा स्टुडिओंत सर्रास दिसणारा आकाई एस१००० मूळ २ मेगाबाइट घेऊन येई, वाढवून ३२ पर्यंत जाई. म्हणजे न वाढवलेल्या यंत्रात असे दोन लूप आणि थोडं किडुकमिडुक, बस्स.

आता दगाफटका. ड्रमरचे दोन बार बरोबर ४.८० सेकंदांचे कधीच नसतात. समजा ४.८३ निघाले. लूप स्वतःच्या मर्जीने फिरत राहिला तर २५ फेऱ्यांत, म्हणजे दोन मिनिटांत, तो सिंथच्या मागे पाऊण सेकंद पडतो. गाण्याचा चुथडा. म्हणून दर दोन बारांनी सिक्वेन्सरने तो नव्याने सुरू करायचा. मग शेवटचे ३० मिलिसेकंद कापले जातात, आणि नेमका तिथे सिंबल असेल तर उचकी परत आली. जुन्या पद्धतीत उपाय म्हणजे तुकडा किंचित जलद वाजवणं. ०.६ टक्के जलद केला की सूर साधारण ११ सेंटांनी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढतो, ड्रम्समध्ये ते कुणाला कळत नाही. पण ६ टक्के जलद केला की पूर्ण अर्धस्वर चढतो आणि भारदस्त ड्रम डबड्यासारखा वाजू लागतो. हल्लीची सॉफ्टवेअर सूर न बदलता लांबी बदलतात, पण मोठा फरक असेल तर स्नेअरच्या ठोक्यावर कागद फाटल्यासारखी खरखर येते. कुठल्याही काळात एकच नियम: गाण्याची लय आधी पक्की करा, ड्रम्स नंतर टिपा.

दुसरा दगा जोड-ठोक्याचा. लूपवर ड्रम मशीनची किकही ठेवली, तर रेघेवरची किक आणि माणसाची किक यांत फरक पडणार. तो २५-३० मिलिसेकंदांचा असेल तर दोन ठोके वेगळे ऐकू येतात, 'भ-डम'. ५-१० चा असेल तर त्याहून वाईट: वेगळे ऐकू येत नाहीत, पण एकमेकांना खातात आणि किक पोकळ होते. एकतर मशीनची किक प्रत्येक ठिकाणी हाताने सरकवून माणसाच्या किकवर बसवा, नाहीतर लूपमधला खालचा भाग, साधारण १०० हर्ट्झखालचा, छाटून टाका आणि तिथे मशीनलाच राहू द्या. बहुतेक जण तिसराच मार्ग घेतात, लूप रेघेवर पूर्ण खेचून बसवतात. मग ड्रमरला बोलावलं कशाला?

तिसरा दगा कानाच्या चाणाक्षपणाचा. दोन बारांत एखाद्या ठोक्याला काठी स्नेअरच्या कडेला लागली असेल तर ती दर ४.८ सेकंदांनी लागणार. चार मिनिटांत पन्नास वेळा. पहिल्या मिनिटात गोड वाटते, तिसऱ्या मिनिटात इलेक्ट्रॉनिक तबला परत आला. म्हणून कडव्याला एक लूप, कोरसला दुसरा, आणि दर आठ बारांनी खरा वाजवलेला फिल, म्हणजे ठेका क्षणभर मोडून टाकलेली भर. एवढं केलं की बहुतेक कान फसतात. त्याच अल्बममधलं 'वॉकिंग इन माय शूज' लक्ष देऊन ऐका: ड्रम्स माणसाने वाजवलेले आहेत हे स्पष्ट कळतं, तरी खाली काहीतरी निर्विकारपणे फिरत असल्याची जाणीव जात नाही. त्या गाण्याचा ताण त्यातच आहे.

माइकचंही एक सांगायला हवं, कारण यंत्रावर वाढलेल्या बँडला हे दुखणं ठाऊक नसतं. सिंथचा आवाज वायरीतून येतो, त्याला अंतर नसतं. ड्रम्सना असतं. स्नेअरला लावलेला माइक आणि वर टांगलेला माइक यांच्यात एक मीटरचा फरक असेल, तर वरच्याकडे आवाज साधारण २.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र केले की १७२ हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना रद्द करतो. स्नेअरचं अंग नेमकं तिथे असतं. मग 'स्नेअर पातळ का वाजतोय' म्हणून लोक त्या पट्टीत आवाज वाढवत बसतात आणि वाढत काहीच नाही. अंतर मोजा, किंवा एका माइकची लाट तेवढी सरकवा.

गिटारला जागा कोण देणार

सिंथचा एक मोठा भरणा, ज्याला पॅड म्हणतात, तो गोधडीसारखा असतो: मंद्रापासून तारापर्यंत सगळं झाकतो. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झवर, आणि ॲम्पमधून (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून) येणारा तिचा जोर २०० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. गायकाचा आवाजही तिथेच. तिघांनी एकाच बाकावर बसायचं म्हटलं की मिक्सिंग करणारा प्रत्येकाला थोडं थोडं मोठं करत जातो आणि शेवटी सगळंच चिखल होतं.

उपाय मांडणीत आहे, मिक्सिंगमध्ये नाही. गिटार वाजते तिथे पॅड वाजवायचाच नाही. सिंथला तळ द्या आणि अगदी वरची चमक द्या, मधला पट्टा रिकामा सोडा. त्याच अल्बममधल्या 'आय फील यू' या गाण्यात हे सरळ ऐकू येतं: मधोमध गिटारची एकच उग्र ओळ, आजूबाजूला बरंच काही आहे पण तिच्या बाकावर कुणी बसलेलं नाही.

सिंथला गिटारसारखा दात आणायचा तर तो गिटारच्या ॲम्पमधून वाजवून परत माइकने टिपतात. इथे दोन चुका ठरलेल्या. एक, सिंथची वायर थेट ॲम्पमध्ये खुपसणं. गिटारचा सिग्नल अशक्त असतो, ॲम्प त्यासाठी बनवलेला, आणि सिंथचा सिग्नल त्यापेक्षा कितीतरी दांडगा. मध्ये रीॲम्प बॉक्स नावाची छोटी डबी लागते, जी सिग्नल उतरवते आणि जमिनीची जोडणी तोडते. ती नसेल तर विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पाठ सोडत नाही. दुसरी चूक म्हणजे चार स्वरांचा कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) तसाच डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करण्यातून, काढणं. डिस्टॉर्शन प्रत्येक दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार करतं. षड्ज-पंचम दिला तर ते नवे स्वरही मेळात बसतात, कोमल गंधार घातला की गोंगाट. गिटारवाले जोरकस जागी षड्ज-पंचमच का धरतात, याचं उत्तर हे. सिंथवाल्याने दोन बोटं उचलावीत.

सुराचा मुद्दा आपल्या वाचकांना सांगायला सोपा, तंबोरा लावणाऱ्याच्या कानाला तो आधीच माहीत आहे. सिंथ ४४० हर्ट्झच्या सुरावर खिळलेला, गिटारची तार दिव्यांच्या उष्णतेने उतरणारी. ती ८ सेंट उतरली तर ४४० च्या आसपास दर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. अख्खा बँड गिटारींचा असेल तर सगळे मिळून थोडे उतरतात आणि चालून जातं. सिंथच्या शेजारी मात्र एकटी गिटार उघडी पडते. दर दोन-तीन गाण्यांनी गिटार बदलणं हा अशा बँडसाठी थाट नसतो, गरज असते.

स्टेजवर

१८ जून १९८८ ला कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या रोझ बोल मैदानावर डिपेश मोडचा त्या दौऱ्यातला १०१ वा आणि अखेरचा कार्यक्रम झाला, ६० हजारांहून अधिक माणसांसमोर. स्टेजवर ड्रमर नव्हता. ठेका टेपवर. टेप आधारित कार्यक्रमाचा कायदा असा, की गाणं जेवढं भरून आणलं तेवढंच वाजणार. गायकाला वाटलं, लोक रंगात आलेत, कोरस आणखी दोनदा घेऊ, तर नाही. तरी त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणात 'एव्हरीथिंग काउंट्स'च्या शेवटी वाद्यं सरतात आणि लोक कोरस म्हणतच राहतात. घड्याळ बंद, ठेका हजारो गळ्यांकडे, आणि लय चक्क टिकते.

१९९३ च्या दौऱ्यात वाइल्डर काही गाण्यांना स्टेजवर ड्रम्सवर बसला. १ जून १९९५ ला त्याने बँड सोडल्याचं जाहीर केलं. १९९७ चा 'अल्ट्रा' पुन्हा यंत्रांकडे झुकला. पण स्टेजवरची सूत्रं परत गेली नाहीत: १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ऑस्ट्रियन ड्रमर क्रिश्चन आइग्नर त्यांच्यासोबत आहे. फ्लेचर २०२२ मध्ये गेला. उरलेले दोघं, गहान आणि गोर, आजही आइग्नरसोबत वाजवतात.

यंत्र आणि ड्रमर एकत्र चालवायचे तर साधारण व्यवस्था अशी असते. भरलेले ट्रॅक एका यंत्रात, त्यालाच जोडलेली क्लिक फक्त ड्रमरच्या कानात. बाकीचे ड्रमरकडे बघून वाजवतात. क्लिक सगळ्यांच्या कानात दिली तर प्रत्येक जण स्वतःपुरता बरोबर वाजवतो आणि एकमेकांचं ऐकणं थांबतं. ट्रॅक एका सलग पट्टीत न ठेवता कडवं, कोरस, शेवट असे तुकडे करून ठेवायचे, म्हणजे एखादा तुकडा पुन्हा घेता येतो. आणि एक बटण ड्रमरच्या हाताशी असं हवं, की दाबलं की यंत्र गप्प. यंत्र अडकलं तर गाणं त्याने एकट्याने पुढे न्यायचं.

'पर्सनल जीझस' ते अलीकडच्या दौऱ्यांत बऱ्याचदा यंत्राविनाच सुरू करतात. आधी फक्त गोरची गिटार आणि गहानचा गळा, लय बरीच संथ, ओळ हवी तिथे ताणलेली, मध्ये हवं तेवढं थांबलेली. तोवर क्लिकचा काही उपयोग नसतो. अशा सुरुवातीनंतर यंत्र आत घ्यायचं तर ड्रमर गायकाच्या शेवटच्या शब्दाची वाट बघतो, बटण दाबतो, क्लिकच्या चार मात्रा एकटा ऐकतो आणि काठ्यांवर चार मोजून सगळ्यांना आत घेतो.